पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. विधवांसाठी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती सदन या त्यांच्या प्रमुख संस्था होत. हिंदू शास्त्रांच्या अभ्यासात वाढलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. धर्मांतरामुळे त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला, तर स्वतंत्र विचारांमुळे ख्रिस्ती धर्मगुरूंशीही त्यांचे मतभेद झाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ईश्वरी मार्गदर्शनावर विसंबून आणि अन्न, पाणी, शिक्षण, श्रम अशा रोजच्या व्यवहारांतून आपला धर्म आचरला. त्यामुळे भारतीय ख्रिस्ती जीवनाच्या इतिहासात त्यांचे चरित्र विशेष महत्त्वाचे मानले जाते.

जन्म आणि बालपण

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यमय ठिकाणी झाला. हे ठिकाण त्या वेळी म्हैसूर संस्थानात होते. आज ते कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे गाढे पंडित होते. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असल्याचे त्यांनी पाहिले होते, आणि आपणही आपल्या पत्नीला शिकवावे असा निश्चय तेव्हाच त्यांच्या मनात झाला. त्यांची दुसरी पत्नी लक्ष्मीबाई विवाहसमयी अवघ्या नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. स्त्रीला देवभाषा शिकविणे शास्त्रविरुद्ध आहे असा आक्षेप समाजातून आला, तेव्हा त्यांनी शास्त्राधार काढून विद्वानांपुढे आपली बाजू मांडली. मात्र विरोध टाळण्यासाठी गंगामूळच्या रानात घर बांधून तेथेच विद्यार्थ्यांसाठी पाठशाळा चालविणे त्यांनी पसंत केले.

अतिथी, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांच्यावर होणाऱ्या खर्चामुळे हे घर टिकले नाही. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळ सोडले. तान्ह्या रमाबाईंना वेताच्या टोपलीत घालून नेण्यात आले. पुढची अनेक वर्षे या कुटुंबाने तीर्थाटनात घालविली. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे आणि श्रोत्यांनी जे धान्य वा पैसे द्यावेत त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. रमाबाईंचे शिक्षण प्रामुख्याने आईजवळ झाले. लक्ष्मीबाई पहाटे, घरातील कामाला लागण्यापूर्वी, मुलीला पाठ देत. बारा-पंधरा वर्षांच्या वयापर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते. थोरली मुलगी कृष्णाबाई हिचा बालविवाह अयशस्वी ठरल्याने अनंतशास्त्र्यांनी रमाबाईंचा विवाह लहानपणी केला नाही. त्या काळात हा निर्णय असामान्य होता.

दुष्काळ आणि कुटुंबाचा अंत

१८७० च्या दशकात दक्षिण भारतात पडलेल्या दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. वृद्ध आणि दृष्टी गमावलेल्या अनंतशास्त्र्यांजवळ जे द्रव्य होते ते दानधर्म, व्रते आणि अनुष्ठाने यांत संपले. देव प्रसन्न होऊन संकट दूर करील, ही त्यांची श्रद्धा होती. शारीरिक श्रम करण्याची सवय नसलेल्या या शास्त्री कुटुंबाला मजुरी करणेही जमत नव्हते आणि भीक मागण्याची लाजही वाटत होती. तिरुपतीच्या परिसरातील रानात झाडपाला खाऊन त्यांनी काही दिवस काढले. १८७४ मध्ये वडील वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी रमाबाईंना जवळ घेऊन देवाच्या सेवेत राहण्याचा उपदेश केला, अशी आठवण त्यांनी पुढे नोंदविली. काही आठवड्यांतच आई गेली आणि काही काळाने कृष्णाबाईही पटकीने दगावली. आईच्या अंत्ययात्रेला खांदा देण्यासाठी पुरेसे ब्राह्मण न मिळाल्याने रमाबाईंनाही खांदा द्यावा लागला.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, पुढे कित्येक वर्षे देशभर पायी फिरली. थंडीत पुरेसे पांघरूण नसताना नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, त्यात गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. या प्रवासात शास्त्रांनी सांगितलेले नियम काटेकोर पाळूनही फळ मिळत नाही, हे पाहून दोघांच्याही मनात परंपरागत श्रद्धेविषयी शंका निर्माण झाल्या. रमाबाईंच्या धार्मिक शोधाचा आरंभ या काळात झाला.

कोलकाता आणि विवाह

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यास पोहोचली. विशीतील एक अविवाहित ब्राह्मण स्त्री अस्खलित संस्कृतात भाषण करते, हे पाहून तेथील विद्वान चकित झाले. परीक्षेनंतर त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देण्यात आल्या. स्त्रियांसमोर व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. स्त्रियांविषयी आणि शूद्रांविषयी त्या ग्रंथांत असलेली विधाने वाचून त्या अस्वस्थ झाल्या. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत भेट देऊन वेदाध्ययन करण्यास सुचविले. याच शहरात ख्रिस्ती लोकांची प्रार्थना त्यांनी प्रथमच पाहिली. खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेली ती माणसे खुर्च्यांचीच पूजा करीत असावीत, असे त्या वेळी त्यांना वाटले होते.

१८८० मध्ये श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मणेतर होते. त्यामुळे हा आंतरजातीय व आंतरप्रांतीय विवाह दोन्हीकडच्या समाजाला मानवला नाही. दांपत्य आसामातील सिल्चर येथे राहिले. १८८१ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नाव मनोरमा. पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची पुस्तिका सापडली आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी त्याविषयी अधिक जाणून घेण्यास सुरुवात केली. पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे मेधावींना रुचणारे नव्हते. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी पटकीने वारले. विवाहाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तेवीस वर्षांच्या रमाबाई लहान मुलीसह विधवा झाल्या.

पुण्यातील कार्य

महाराष्ट्रातील सुधारकांच्या आमंत्रणावरून रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांचे त्यांना साहाय्य मिळाले. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. स्त्रियांनी शिकावे, आळस टाकावा, स्वावलंबी व्हावे असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका, स्त्री-निरीक्षक आणि विशेषतः स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. पुरुष वैद्याकडून तपासणी करून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांची स्थिती त्यांनी आयोगाच्या नजरेस आणली.

स्वतः वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडला जावे, असा विचार याच काळात त्यांच्या मनात आला. पुण्यात त्या एका मिशनरी शिक्षिकेकडून इंग्रजी शिकत होत्या. संस्कृतज्ञ ख्रिस्ती धर्मोपदेशक नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे यांच्या लेखनाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. पुस्तकाच्या विक्रीतून मिळालेल्या पैशांच्या आधारे त्यांनी १८८३ मध्ये मनोरमेसह इंग्लंडकडे प्रयाण केले.

इंग्लंड आणि धर्मांतर

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रमात राहिल्या. या संघाच्या लंडनमधील एका केंद्रात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना आश्रय देऊन त्यांचे पुनर्वसन केले जात असे. अशा स्त्रियांशी सौजन्याने वागणारी व्यवस्था रमाबाईंनी पूर्वी पाहिली नव्हती. हे कार्य कोणत्या प्रेरणेने चालते, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यात आली. त्या कथेतील ख्रिस्ताच्या वागण्याने त्यांच्या मनाचा निर्णय झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

कानांच्या दोषामुळे त्यांना वैद्यकीय शिक्षण घेता आले नाही. डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकविले आणि स्वतः इंग्रजी, गणित व विज्ञान यांचा अभ्यास केला. या काळात त्यांचे आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तीव्र मतभेद झाले. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व आणि चर्चची सत्ता यांविषयी रमाबाईंना प्रश्न होते, आणि स्वतःची खात्री पटल्याशिवाय कोणतेही मत मानण्यास त्या तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्याविषयीचे निर्णय परस्पर घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्यांनी स्पष्टपणे कळविले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असाही त्यांचा आग्रह होता. धर्म बदलला तरी भारतीय आहार, वेश आणि भाषा सोडण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या.

महाराष्ट्रात या धर्मांतराने मोठी खळबळ उडाली. अनेक सुधारकांना तो आपला पराभव वाटला. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र सत्सार या पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली.

अमेरिका

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फिया येथे गेल्या. अल्पकाळाची ही भेट जवळजवळ तीन वर्षे लांबली. त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला, शाळांसाठी पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम केले आणि ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये द हाय-कास्ट हिंदू वुमन हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बालपण, विवाह आणि वैधव्य या तीन अवस्थांतील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीचे वर्णन त्यात आहे. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. भारतात विधवांसाठी धर्मनिरपेक्ष शाळा काढण्याकरिता दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले. या प्रवासाचे वर्णन रमाबाईंनी यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त या मराठी ग्रंथात केले आहे.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदनाची सुरुवात झाली. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. तेथे विधवांना केशवपन, उपास आणि अंधारी खोली यांऐवजी पुस्तके, बाग आणि खेळ मिळाले. विद्यार्थिनींना आपापल्या जातीचे व धर्माचे आचार पाळण्याची पूर्ण मोकळीक होती.

रमाबाई स्वतः पहाटे आपल्या खोलीत मुलीसह बायबल वाचून प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. कोणावरही सक्ती नव्हती. परंतु आलेल्या मुलींना हाकलून देणे रमाबाईंना योग्य वाटले नाही. यातून वाद पेटला. केसरीने सदनावर कठोर टीका केली. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सल्लागारांनी १८९३ मध्ये सदनाशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद केले असते तर सदनाचा लोकाश्रय कदाचित टिकला असता. इतरांना जे धर्मस्वातंत्र्य आपण देतो ते आपल्यालाही आहे, ही भूमिका मात्र रमाबाईंनी सोडली नाही. बॉस्टनच्या संस्थेने चौकशीअंती त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवला. काही काळाने सदनातील विद्यार्थिनींची संख्या पुन्हा वाढली.

श्रद्धेतील परिवर्तन

रमाबाईंच्या अंतर्जीवनातील महत्त्वाचा बदल याच सुमारास घडला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही, याची जाणीव त्यांना झाली. आतापर्यंत त्यांनी धर्म बुद्धीने तपासून स्वीकारला होता. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना, धर्माचा उपदेश करणाऱ्या माणसालाही स्वतःच्या अंतःकरणाचे परिवर्तन घडावे लागते, हे त्यांना उमगले. तारण ही कमावण्याची गोष्ट नसून विश्वासाने स्वीकारण्याची देणगी आहे, या निष्कर्षाला त्या आल्या. व्रते आणि दाने यांच्या मोबदल्यात देवाची कृपा मिळविण्यासाठी आपल्या वडिलांनी सर्वस्व खर्चिले, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणूनच हा विचार त्यांना अधिक मोलाचा वाटला.

ब्रिस्टल येथे हजारो अनाथांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरील मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रे त्यांनी वाचली. कोणाकडे याचना न करता, केवळ प्रार्थनेवर विसंबून या माणसांनी मोठी कामे उभी केली होती. भारतातही असे करता येईल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला. त्याचे उत्तर लवकरच प्रत्यक्ष परिस्थितीतून मिळाले.

केडगाव आणि मुक्ती सदन

अमेरिकेतून मिळणाऱ्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपल्यावर संस्था स्वावलंबी व्हावी, या हेतूने रमाबाईंनी पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. तेथे फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, अशी त्यांची योजना होती. जमीन कोरडी होती. पाण्यासाठी विहिरी खोदाव्या लागल्या.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्याच्या वार्तांनी रमाबाईंना स्वतःच्या तरुणपणाची आठवण झाली. बॉस्टनहून येणारा निधी उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळग्रस्तांवर तो खर्च करणे योग्य नव्हते, आणि रमाबाईंजवळ दुसरा पैसा नव्हता. तरीही हे काम देवानेच आपल्यापुढे ठेवले आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. मदत-छावण्यांत आणि रस्त्यांवर त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली पाहिल्या. अशा मुलींना फसवून नेणारे दलालही तेथे वावरत होते. या फेऱ्यांतून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया कायमच्या आश्रयाला आल्या. त्यांत सर्व जातींच्या मुली होत्या. उच्चवर्णीय विधवांपुरते मर्यादित असलेले कार्य अशा रीतीने सर्व स्त्रियांसाठी खुले झाले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असल्याने सदनात अधिक मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यात आले. प्रथम तंबू आणि झोपड्या, नंतर पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. या वस्तीला मुक्ती सदन हे नाव मिळाले. प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. सरकारने ती फेटाळली, तरी त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्या सहकारी स्त्रियांनी तेथून आणखी शेकडो मुली आणल्या. केडगावातील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दैनंदिन जीवन आणि श्रम

मुक्ती सदनात प्रार्थना आणि काम यांची फारकत नव्हती. मुलींना लिहिणे-वाचणे शिकविले जाई; त्याबरोबरच शेती, दुभती जनावरे, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, पाव भाजणे आणि छपाई ही कामेही त्या करीत. ज्या कुटुंबाला मजुरी करता न आल्यामुळे उपासमार सोसावी लागली त्या कुटुंबातील मुलीने उभारलेल्या या संस्थेत प्रत्येक मुलीने एखादे हातकाम शिकणे अपेक्षित होते. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन आणि अंधांसाठी बार्तिमी सदन असे स्वतंत्र विभाग होते. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली.

एवढ्या मोठ्या कुटुंबाचा खर्च देणग्यांतून चालत असे. कर्ज काढावयाचे नाही आणि पैसे नसतील तर प्रार्थना करून वाट पाहावयाची, असा रमाबाईंचा नियम होता. अनेकदा दुसऱ्या दिवसाच्या धान्यापुरतीही रक्कम हाती नसे. विहिरींचे पाणी आटण्याची भीतीही वारंवार निर्माण होई. अशा प्रसंगी मिळालेली मदत त्यांनी देवाने पुरविलेली मानली आणि आपल्या पत्रकांतून तशी नोंद केली. मात्र विश्वास म्हणजे निष्क्रियता असे त्यांनी कधी मानले नाही. हिशेब चोख ठेवणे, विहीर आणखी खोल खणणे, बियाणे वेळेवर पेरणे हेही त्यांच्या दृष्टीने विश्वासाचेच भाग होते. त्या स्वतः जाडीभरडी पांढरी साडी नेसत आणि अत्यंत साधेपणाने राहत.

१९०५ मध्ये मुक्ती सदनात मोठी धार्मिक जागृती झाली. कित्येक महिने मुलींचे गट प्रार्थनेसाठी जमत होते; पश्चात्ताप, अश्रू आणि उच्च स्वरातील प्रार्थना यांनी परिसर भरून गेला होता. पेन्टेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेला महत्त्वाचे स्थान आहे. अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स या रमाबाईंच्या सहकारी होत्या. त्यांच्या लेखनाने या घटनेची माहिती परदेशांत पोहोचली. पाश्चात्त्य पद्धतीनेच प्रार्थना करावी, असे बंधन रमाबाईंनी घातले नाही. भारतीय स्त्रियांना आपल्या भावना आपल्या रीतीने व्यक्त करू द्याव्यात, असे त्यांचे मत होते.

बायबलचे भाषांतर

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना ती कळत नाही, असा त्यांचा अनुभव होता. मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहता यावे म्हणून त्यांनी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. संस्कृत पांडित्याबद्दल सरस्वती ही पदवी मिळविणाऱ्या विदुषीने संस्कृत शब्द टाळून, साध्या बोलीतील मराठी शब्द निवडण्यासाठी वर्षानुवर्षे परिश्रम केले. जुळणी, मुद्रितशोधन आणि छपाई हे काम केडगावच्या छापखान्यात सदनातील स्त्रियांनीच केले. संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून ते उल्लेखनीय आहे. भाषेच्या दृष्टीने काही ठिकाणी ते अतिशब्दशः असल्याची टीकाही झाली आणि चर्चमध्ये त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

अखेरचा काळ

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले. मनोरमाबाई शारदा सदनाच्या प्रमुख आणि आईच्या उजव्या हात होत्या. रमाबाईंनंतर संस्थेची धुरा त्याच वाहतील, असे सर्वजण गृहीत धरून होते. परंतु २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाईंचे निधन झाले. वडील, आई, बहीण, भाऊ आणि पती यांच्यानंतर रमाबाईंनी आपली एकुलती कन्याही गमावली. स्वतः आजारी असतानाही त्यांनी संस्थेचे काम आणि बायबलची मुद्रिते तपासणे चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

रमाबाईंच्या कार्याविषयी त्यांच्या हयातीत आणि नंतरही मतभिन्नता राहिली. राष्ट्रीय वृत्तीच्या टीकाकारांनी त्यांच्यावर परकीय पैशाच्या बळावर धर्मांतर घडविल्याचा आरोप केला. धर्मांतरामुळे मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात त्यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले. दुसऱ्या बाजूस, काही ख्रिस्ती धर्मगुरूंना त्या पुरेशा आज्ञाधारक वाटल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा पत्रव्यवहार प्रकाशित झाल्यावर आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांच्या लेखनाकडे नव्याने पाहिल्यावर त्यांचे स्थान पुन्हा प्रस्थापित झाले.

देवाचे मार्गदर्शन मानणे आणि स्वतःच्या विवेकाने निर्णय घेणे या गोष्टी परस्परविरोधी आहेत, असे रमाबाईंना वाटत नव्हते. वाँटेजच्या भगिनी, पुण्याचे सल्लागार किंवा सरकारी अधिकारी यांपैकी कोणाच्याही सांगण्यावरून त्यांनी आपल्या अंतःकरणाची साक्ष नाकारली नाही. त्याचबरोबर त्या साक्षीची किंमतही त्यांनी स्वतःच चुकविली. आश्रयाला आलेल्या एकाही स्त्रीला तिची जात, धर्म किंवा पूर्वायुष्य पाहून परत पाठवावयाचे नाही, या साध्या नियमात त्यांच्या श्रद्धेचे व्यावहारिक रूप दिसते.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने २६ ऑक्टोबर १९८९ रोजी रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये ५ एप्रिल रोजी, तर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ३० एप्रिल रोजी त्यांचे स्मरण केले जाते. शुक्र ग्रहावरील एका विवराला मेधावी हे नाव देण्यात आले आहे. केडगाव येथे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने त्यांच्या संस्थेचे कार्य पुढेही चालू राहिले असून निराधार स्त्रिया, मुले आणि अंध व्यक्ती यांना तेथे आश्रय दिला जातो.